रिकाम्या टी-शर्टवरची म्हैस

नवरा गेल्यावर जो पहिला फोन मी स्वतः उचलला तो फ्लेक्सवाल्याचा होता. कडेगावच्या चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचा होता. गावातल्या पोरांनी त्याला व्हॉट्सअॅपवर जो फोटो पाठवला होता तो मोठा केला की फुटत होता. हे सांगताना तो फार चाचरत होता. मी म्हणाले, "मूळ फाइल माझ्याकडं आहे. मेल आयडी द्या, पाठवते. आणि छापायच्या आधी मला प्रूफ दाखवा."

प्रूफ आलं. 'श्रद्धांजली'मधला द्ध नीट जुळला नव्हता, नावाखालची ओळ एका बाजूला कलली होती, आणि फोटोमागं त्यानं पांढरे ढग घातले होते. मी तिन्ही गोष्टी कळवल्या. त्यानं परत फोन केला. "ढग ठेवतातच मॅडम सगळे. आपण कोण त्यांच्या?"

मी सांगितलं. बोर्ड ढगांशिवाय लागला.

मी मूळची कोरेगावची. सांगलीला कमर्शियल आर्टचा कोर्स केला आणि लग्न होईपर्यंत इस्लामपुरात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम केलं. वाढदिवस, उद्घाटनं, निधन, कारखान्याच्या निवडणुका. माणूस हसरा हवा की गंभीर, एवढंच विचारायचं आणि कामाला लागायचं. मग लग्न झालं आणि कडेगावच्या बाजूला वस्तीवर आले. घरापासून कालव्यापर्यंत आमचा ऊस. नवरा सैन्यात. वर्षातून दोनदा यायचा, आणि आला की पहिले चार दिवस घरात पाहुण्यासारखा वागायचा. घरात मी त्याला अहो म्हणायचे, मनात मात्र तो. तो गेला तेही लढाईत नव्हे. सकाळच्या धावण्यात कोसळला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. सगळे सोपस्कार झाले. तिरंगा आला, सलामी झाली, गावानं दुकानं बंद ठेवली. हे सगळं मी पाहिलं आणि ते मला अजूनही क्रमानं सांगता येतं.

रडू मात्र आलं नाही. बायका गळ्यात पडायच्या. "रड गं बाय, मोकळी हो." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. माहेरी आई न्यायला आली म्हणून कोरेगावला गेले. तिथं घरातलं प्रत्येक माणूस माझ्याकडं बघून रडायचं आणि मी रडत नाही म्हणून आणखी रडायचं. आठवड्यातच परत आले. इकडं निदान कामं होती. वैरण, शेण, धार, सैपाक. सासूबाई, म्हणजे आमच्याकडं म्हणतात तसं आत्या, माझ्याकडं फार बघत नसत. त्यांचा मुलगा गेला होता. त्यांचं त्यांना पुष्कळ होतं. सासरे, म्हणजे मामा, पाण्याची मोटार चालू करायला जायचे आणि बंद करायचं विसरून तिथंच बांधावर बसायचे.

टी-शर्टच्या स्पर्धेची गोष्ट नणंदेनं काढली. ती सांगलीला कॉलेजला होती, तिथंच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी घरी यायची. घरात सगळ्यात जास्त ती बोलायची आणि सगळ्यात जास्त तीच रडायची. एका शनिवारी तिनं फोन माझ्यापुढं धरला.

"वैनी, हे बघा. परदेशातली साइट हाय. आपण चित्र पाठवायचं, लोक मतं देतात, आवडलं तर टी-शर्टवर छापून विकतात. तुमी काढा की कायतरी."

"काय काढू?"

"काय पण. नुसतं बसू नका हो."

मी काही नुसती बसत नव्हते. पण तिला बरं वाटावं म्हणून माळ्यावरचा माझा लॅपटॉप काढला, पुसला, चार्जिंगला लावला. दुपारी मामा पडायचे, आत्या गोठ्यामागं निवडत-टिपत बसायच्या, तेव्हा दीड-दोन तास मला मोकळे मिळायचे.

डिझाइन सुचायला वेळ लागला नाही. उन्हाळ्यात आमची म्हैस कालव्याच्या पाण्यात बसते. वर फक्त शिंगं, नाकपुड्या आणि पाठीचा एक काळा तुकडा दिसतो. त्या पाठीवर बगळा उभा असतो. तेवढंच काढलं. तीन रंग. शिंगांची कमान बरोबर छातीच्या रुंदीत बसत होती.

त्यानंतर मी नियम वाचायला घेतले. चित्र कसं काढावं याबद्दल त्यात फारसं काही नव्हतं. ते कसं सादर करावं याबद्दल मात्र पानंच्या पानं होती. साइटनं दिलेल्या कोऱ्या टी-शर्टच्या चित्रावरच डिझाइन बसवायचं. टी-शर्ट समोरून, सरळ, सपाट. त्यांनी दिलेल्या रंगांपैकीच कापडाचा रंग घ्यायचा. मागची बाजू एकाच फिक्या रंगाची. नक्षी नको, चौकट नको, सावली नको. डिझाइनवर आपलं नाव किंवा सही नको. मत द्या अशी विनवणी नको. हवं तर एका कोपऱ्यात डिझाइनचा एखादा भाग मोठा करून दाखवावा. चित्र अंगठ्याच्या नखाएवढं लहान केलं तरी ओळखू यावं. डिझाइनमागची कहाणी लिहू नये. चित्र चित्राच्या जोरावर उभं राहू दे.

हे सगळं मला पटलं. इतके दिवस माझ्याभोवती जो तो काहीतरी वाढवत होता. हार, ढग, भाषणं, आठवणी, सल्ले. इथं कुणीतरी शांतपणे सांगत होतं की हे काढा, तेही काढा, आणि काढून झालं की पाठवा.

तरी माझी पहिली एन्ट्री नियमात बसली नाही. त्यांचं कोरं टेम्प्लेट उतरवून घ्यायला गेले तर ते अर्ध्यावर अडकायचं, कारण वस्तीवर रेंज तशीच. मला सपाट कापड हवं होतं आणि ते माझ्याकडं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत नवऱ्याचा एक फोटो काढला होता. राखाडी साधा टी-शर्ट, दोन्ही हात बाजूला, पाठ ताठ. फोटो काढतानाही तो सावधानमध्येच उभा राहायचा. कापडावर कुठं चुणी नाही, उजेड समोरून. फ्लेक्सच्या दुकानात असा फोटो मिळाला असता तर आम्ही खूश झालो असतो. मी मान आणि चेहरा कापला, गळ्यापासून कमरेपर्यंतचा भाग ठेवला आणि छातीवर म्हैस बसवली. कापडाच्या विणीप्रमाणं रंग थोडा मुरवला. काम चांगलं झालं होतं. पाठवून दिलं आणि चहा ठेवायला गेले.

दोन दिवसांनी मेल आला. सभ्य भाषेत दोन ओळी. तुमच्या सादरीकरणात व्यक्ती दिसते आहे. कृपया व्यक्ती काढून टाका आणि रिकाम्या टी-शर्टवर डिझाइन पुन्हा सादर करा.

मी ते वाचलं आणि कोरं टेम्प्लेट पुन्हा उतरवायला लावलं. मला त्यात काही लागलं असं आठवत नाही. लागलं ते नणंदेला.

ती शनिवारी आली आणि उत्साहानं म्हणाली, "पाठवलं का? दाखवा की." मी लॅपटॉप तिच्याकडं वळवला. फाइल उघडीच होती. ती आधी हसली, "म्हस लय भारी जमलीय," म्हणाली. मग तिचं बोट पडद्यावर थांबलं. डाव्या कोपरापाशी त्याला जुन्या जखमेचा व्रण होता. तो मी कापला नव्हता, कारण तो डिझाइनच्या आड येत नव्हता.

"ह्यो दादा हाय."

"हो. टेम्प्लेट उतरत नव्हतं."

"दादाचं डोकं कुठाय?"

"तेवढं लागत नव्हतं."

ती आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "आणि छातीवर रेडा?"

"रेडा नाही. म्हैस आहे. आपली."

तिनं लॅपटॉप मिटला नाही की आपटला नाही. उठून चुलीपाशी गेली आणि तिथं हमसून हमसून रडायला लागली. आत्या धावत आल्या. "काय झालं गं?" तिला सांगता येईना. शेवटी ती माझ्याकडं बोट दाखवून ओरडली, "हिला कायसुदिक वाटत न्हाई! दगड हाय दगड! दादाला कापून त्याच्यावर यमाचं वाहन बसवलंय!"

यमाचं वाहन माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते माझ्या डोक्यात का आलं नाही, याचंच मला उभ्या उभ्या नवल वाटत होतं. लहानपणापासून ऐकलेली, कुणालाही सुचावी अशी गोष्ट. मी आत्यांना म्हणाले, "टी-शर्टची स्पर्धा आहे. फोटो वापरला त्यांचा. नियमात बसत नव्हता, मी काढणारच होते."

आत्यांनी लॅपटॉपपाशी येऊन वाकून पाहिलं. चष्मा नव्हता म्हणून फार जवळून पाहिलं. त्यांना किती दिसलं कोण जाणे. मुलाच्या खांद्यावर त्यांनी बोट टेकवलं, तेवढ्यात दुसरा हात टचपॅडला लागला आणि चित्र सरकून मोठं झालं. त्या दचकून मागं झाल्या. मग म्हणाल्या, "डावं शिंग बराबर काडलंयस. वाकडं हाय तिचं." आणि पोरीला जेवायला वाढायला गेल्या.

नणंद रविवारी सकाळच्या गाडीनं निघून गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. पुढचे काही शनिवार ती आलीच नाही, परीक्षेचं निमित्त सांगायची.

टेम्प्लेट एकदाचं उतरलं आणि मी रिकाम्या टी-शर्टवर म्हैस बसवली. सपाट राखाडी आकार, दोन बाह्या, गळ्याचा अर्धगोल. मागं फिका रंग. कोपऱ्यात बगळ्याच्या पायांचा मोठा केलेला तुकडा. खाली ना नाव ना सही. एन्ट्री स्वीकारली गेली. मग लोकांची मतं यायला लागली आणि त्याखाली शेरे. कुणी म्हणायचं छान, कुणी म्हणायचं बगळ्याचे पाय फार बारीक आहेत, छपाईत शाई धरणार नाही. ते बरोबर होतं. मी पाय जाड केले. कुणी म्हणायचं टी-शर्ट निळा करा. मी केला नाही. रोज दुपारी उघडून वाचायचं आणि बंद करायचं. दिवसात तेवढी एक गोष्ट होती जी काल होती तशी आज नसायची.

मग एका दुपारी एक शेरा आला. लिहिणारा स्वतःही स्पर्धक होता. त्यानं लिहिलं होतं की ही म्हैस इंटरनेटवरच्या तयार चित्रांतून उचलली आहे, शिंगं एकसारखी नाहीत यावरूनच कळतं की घाईत बदल करून लपवाछपवी केली आहे. त्याखाली आणखी दोघांनी दुजोरा दिला. संध्याकाळपर्यंत साइटवाल्यांचा मेल आला. आक्षेप आल्यामुळं नियमाप्रमाणं मूळ रेखाटनं किंवा संदर्भाचे फोटो द्या, तोवर तुमची एन्ट्री झाकून ठेवली आहे.

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी ओसरीवर होते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी ओरडले. शब्द काय होते आठवत नाही, पण शिवी होती, इस्लामपूरच्या दुकानातली, मशीन अडकलं की ऑपरेटर घालायचा ती. पाण्याचा तांब्या अंगणात गेला. कोंबड्या पांगल्या. आत्या गोठ्यातून आल्या, हातात दुधाची चरवी तशीच.

"काय झालं गं?"

"हा म्हणतोय म्हैस चोरीची आहे!"

"कोन म्हनतोय?" आत्यांचा आवाज माझ्यापेक्षा चढला. "कुनाची जीभ झडली? आपली म्हस चोरीची?"

मामा बांधावरून आले होते. ते म्हणाले, "आगं, बाजाराची पावती हाय की. पत्र्याच्या पेटीत बघ. कोन आलंय? पोलीस?"

"पोलीस नाही मामा, स्पर्धेतला एक जण. परदेशातला."

"त्यो परदेशात बसून आमच्या म्हशीला चोरीची कसा म्हनतोय?"

मला समजावून सांगायला बराच वेळ लागला. चित्राबद्दल आहे, जनावराबद्दल नाही. तरी मामांचं मत पडलं की चित्र म्हशीचंच असेल तर म्हशीचा फोटो धाडावा, विषय मिटला. आणि ते खरंच होतं. तेच तर मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही तिघं म्हशीला घेऊन कालव्यावर गेलो. एकटी असली की पाण्यात तासन् तास बसणारी ती म्हैस तिघांना बघून काठावरच अडली. आत्यांनी दाव्याला धरून ओढलं, मामांनी मागून थोपटलं. "जा की गं, फोटू काढायचाय, जा." शेवटी ती उतरली आणि नाक फेंदारून बसली. बगळा आला नाही. मी समोरून, वरून, डाव्या बाजूनं फोटो काढले, वाकडं शिंग वेगळं काढलं. एका फोटोत दावं आणि आत्यांचा हात आला. तो मी नियमाप्रमाणं कापायला घेतला, मग लक्षात आलं की संदर्भाच्या फोटोला तसा नियम नाही. राहू दिला.

परत येताना शेजारच्या वस्तीवरची बाई बांधावर भेटली. आत्या तिला हळू आवाजात सांगत होत्या, पण वारा माझ्याकडं होता. "काल वरडली. लय दिसानं. तांब्या फेकला."

"रडली व्हय?"

"न्हाई. वरडली. तेबी चालंल."

मला वाटलं होतं की आता एकेक करून सगळं परत येईल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी आधीसारखीच होते. भाकरीची चव पूर्वीसारखी लागत नव्हती, झोप लागायची ती दगडासारखी, आणि कुणी त्याचं नाव काढलं की मी त्या नावाकडं एखाद्या बोर्डाकडं बघावं तशी बघायचे. राग मात्र आला होता एकदा, एवढं आता मला ठाऊक होतं.

साइटवाल्यांनी फोटो पाहिले आणि एन्ट्री पुन्हा खुली केली. आक्षेप घेणाऱ्यानं माफी वगैरे मागितली नाही. त्याचा शेरा नुसता दिसेनासा झाला. पहिलं बक्षीस मला मिळालं नाही. ते एका तळलेल्या अंड्याच्या डिझाइनला मिळालं, आणि खरं सांगायचं तर अंडं चांगलं होतं. पण माझी म्हैस छापायला निवडली. काही महिन्यांनी पार्सल आलं. वस्तीपर्यंत कुरिअरवाला येत नाही, म्हणून मामा कडेगावला जाऊन घेऊन आले आणि ते मी उघडेपर्यंत कॉटवर ठेवून त्याच्याकडं बघत बसले. आत दोन टी-शर्ट होते. छपाई स्वच्छ होती. बगळ्याचे पाय धरले होते. आत्यांनी नवं कापड म्हणून दोन्ही आधी पाण्यातून काढले आणि वाळत घातले. त्या दिवशी शनिवार होता, नणंद आली होती. ती गेल्यावर दोरीवर एकच राहिला होता.

पुढं तिनंच फोन केला. सांगलीत टी-शर्ट छापणाऱ्या एका कारखान्याला माणूस हवा होता. ऑनलाइन विकायच्या कपड्यांची चित्रं तयार करायची, रिकाम्या कपड्यावर डिझाइन बसवायचं, वेगवेगळ्या साइटांच्या नियमांप्रमाणं मापं करायची. "तुमाला जमतंय की हे सगळं," ती म्हणाली. "माझ्या खोलीत जागा हाय. भांडी तुमी घासायची, एवढंच." दगड म्हणाल्याचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

मी आत्यांना विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "शनवारी येनार ना?"

"येणार."

"मग जा."

मामा म्हणाले, "म्हशीचं आमी बघतो."

कारखान्याच्या मालकांनी माझं काम पाहिलं. म्हैस त्यांना आवडली, पण त्यांनी जास्त वेळ पाहिलं ते मी कडा किती स्वच्छ कापते ते. मग वयस्क माणसं विचारतात तसं विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"सैन्यात होते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. 'होते'चा अर्थ त्यांनी निवृत्त असा घेतला असणार. मी दुरुस्त केलं नाही. त्यांनी सोमवारपासून यायला सांगितलं.

बाहेर ऊन होतं. नणंदेचं कॉलेज सुटायला अवकाश होता म्हणून मी चालत स्टँडवर गेले आणि घरी जायला विट्याकडं जाणाऱ्या गाडीची चौकशी केली. बाकावर जागा मिळाली. आत्यांना फोन लावला. त्यांनी कामाचं काही विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं. मी म्हणाले अजून नाही, येताना काय आणू?

"भडंग आन," त्या म्हणाल्या. "तिखट बघून आन. मागच्या टायमाला पोरीनं आनलेलं निस्तं गोड होतं."

मी समोरच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, तिखट आहे ना, आधी थोडं चाखायला द्या. त्यानं तळहातावर चिमूटभर ठेवलं. लसूण लागला, मग तिखट. डोळ्यांत पाणी आलं. "चालेल ना ताई?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, चालेल, अर्धा किलो द्या.